टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर करताय? आधी वायर, मग बॅटरी

चिपळूणहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: जुनी १३ सीटर टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आहे. सीटा काढून आत झोपायची सोय करायची आणि अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत सवडीने फिरायचं, पावसाळ्यातसुद्धा. नवरा-बायको, दोन मुलं आणि वडील. वडिलांना रात्री सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून हवेचा दाब देणारं) लागतं. फ्रिज, पंखे, मिक्सर, इंडक्शन हवं आहे, जमलं तर एसीही. एका दुकानदाराने २०० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन ट्यूब्युलर, म्हणजे लेड-ॲसिड बॅटऱ्या, २ केव्हीएचा घरगुती इन्व्हर्टर आणि टपावर ४०० वॉट सोलर असं कोटेशन दिलं आहे. घ्यावं का?

सोलर ठेवा, बाकीचं घेऊ नका. दुकानदार फसवतोय असं मी म्हणत नाही. तो घरं करतो, आणि घरासाठी ते कोटेशन ठीकच आहे. पण गाडी हलते, तापते, आणि आपल्याकडे ती रात्रंदिवस खाऱ्या वाऱ्यात उभी असते. मी वायरिंग शिकलो ते मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बोटींची वायर उपसून तपासायचं काम असायचं. गाड्यांकडे नंतर वळलो. त्यामुळे माझा कल आधीच सांगून टाकतो: पैसे मोजके असतील तर बॅटरी एक नंबर लहान घ्या, पण वायर, थिंबल (वायरीच्या टोकावर दाबून बसवायचं कडं), फ्यूज आणि जोड यांत काटकसर करू नका. किनाऱ्यावरच्या गाडीत दिवे गेले म्हणून माणसं माझ्याकडे येतात, तेव्हा बॅटरी बहुतेक वेळा ठणठणीत असते आणि कुठला तरी जोड हिरवा पडलेला असतो.

एसीचा विषय आधी संपवू, कारण तो एकटा सगळा हिशेब बिघडवतो. एक टनाचा एसी पत्र्याच्या गाडीत, मे महिन्याच्या दमट रात्री आठ तास चालला तर पाच-सहा युनिट सहज खातो. सहा युनिट म्हणजे १२ व्होल्टच्या लिथियम बॅटरीचे पावणेपाचशे अँपिअर-तास. इन्व्हर्टरमधली गळती आणि बॅटरीत राखून ठेवायचा भाग धरला तर साडेसहाशेच्या आसपास जावं लागतं. बरं, एवढी बॅटरी घेतलीत, तरी ती भरायची कशाने? ४०० वॉटचं सोलर उन्हाळ्यात दिवसाला सव्वा ते दीड युनिट देतं. म्हणजे एक रात्र गार झोपायचं आणि चार दिवस बॅटरी भरत बसायचं. एसी बसवा, पण तो फक्त बाहेरून प्लग जोडल्यावर चालेल असाच बसवा. गुहागर, गणपतीपुळे, तारकर्ली, कुठेही घरगुती निवासवाल्याला चार पैसे देऊन अंगणात गाडी लावता येते. इंडक्शनचंही तेच. १८०० वॉटची शेगडी १२ व्होल्टवर चालवायची तर बॅटरीतून दीडशे अँपिअरच्या वर ओढ पडते. स्वयंपाकाला गॅस ठेवा. मात्र सिलिंडरचा कप्पा बॅटरीच्या कप्प्यापासून पूर्ण वेगळा असू द्या आणि त्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी द्या. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो, आणि स्विच-रिलेची ठिणगी त्याला पुरते.

ही दोन धेंडं बाजूला काढली की उरलेला खर्च आटोक्यातला आहे. १२ व्होल्टचा ४०-५० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज आपल्या उन्हाळ्यात दिवसाला अर्धा युनिट घेईल. तीस वॉटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे दहा तास चालले तर आणखी सहाशे वॉट-तास. दिवे, मोबाइल, लॅपटॉप, पाण्याचा पंप आणि सकाळची चटणी मिळून तीन-चारशे. वडिलांचं सीपॅप ह्युमिडिफायरशिवाय चाललं तर रात्रीला अडीचशे-तीनशे. ह्युमिडिफायरचा हीटर लावला तर दुप्पट धरा. आपली हवा मुळातच ओली असते, तेव्हा हीटर बंद ठेवून चालेल का हे डॉक्टरांना विचारून घ्या. एकूण पावणेदोन ते दोन युनिट.

आता बॅटरी. २०० एएचच्या दोन ट्यूब्युलर म्हणजे कागदावर ४.८ युनिट. पण लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याखाली नेली तर ती लवकर मरते, म्हणून हातात येतात २.४. वजन सव्वाशे किलोच्या घरात. त्याऐवजी ३०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट घेतलीत तर ३.८ युनिटपैकी तीन-सव्वातीन बिनधास्त वापरता येतात आणि वजन तीस-पस्तीस किलो. शिवाय ट्यूब्युलर चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि तुम्ही ती झोपायच्या बाकाखाली ठेवणार. आंबा घाटात किंवा कुंभार्ली घाटात वळणावळणाला ॲसिडचे शिंतोडे झाकणाबाहेर येतात, ते आधी पत्रा खातात आणि मग थिंबल. पाणी घालायचं राहिलं की प्लेटा उघड्या पडतात, ते वेगळंच. लिथियम महाग आहे हे खरं. पण लिथियम म्हणताना आयर्न फॉस्फेटच मागा, त्यात उष्णता सहन करण्याची ताकद जास्त असते. आणि बीएमएसचा (बॅटरीच्या आतल्या रक्षक सर्किटचा) कागद वाचून घ्या: सलग किती अँपिअर देतो, आणि किती तापमानाला चार्जिंग तोडतो.

हे तापमान आपल्याकडे महत्त्वाचं. थंड प्रदेशातली माणसं शून्याखाली लिथियम चार्ज करू नका म्हणून सांगतात, ते आपल्याला लागू नाही. आपली अडचण उलटी आहे. मे महिन्यात बंद गाडी उन्हात उभी राहिली की आत पन्नास अंशांच्या वर जातं. बॅटरी पंचेचाळीसच्या खाली ठेवता आली तर ती खूप वर्षं टिकते. म्हणून ती इंजिनजवळ नको, मागच्या दाराला चिकटून नको. मधल्या बाकाखाली, फरशीवर, दोन्हीकडून हवा खेळेल अशी जागा द्या आणि पट्ट्याने घट्ट आवळा. चासीखाली लटकवायचा डबा काही जण सुचवतील, आतली जागा वाचते म्हणून. कोकणात तो डबा मी करून देत नाही. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या जंगल जेटीवर (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीवर) चढताना चाकं खाऱ्या पाण्यातून जातात आणि तो सगळा फवारा खालून बसतो. तुम्ही तर चिपळूणचे, जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी कुठवर चढलं ते तुम्हाला सांगायला नको.

चार्जिंगचा पहिला आधार चालतं इंजिन. अल्टरनेटरपासून (इंजिनवर फिरून वीज करणारं यंत्र) घरच्या, म्हणजे गाडीतल्या राहण्याच्या भागाच्या बॅटरीला रिले लावून सरळ जोडणी करणारे मेकॅनिक भरपूर आहेत. जुन्या लेड-ॲसिडला ते चालून जायचं. लिथियमचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की ती मिळेल तेवढा करंट ओढते, आणि घाटात ट्रॅफिकमध्ये इंजिन आयडलला असताना अल्टरनेटर भाजून निघतो. मध्ये ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर घाला, तो करंट मर्यादेत ठेवतो. बीएस ६ गाड्यांत कॉम्प्युटर अल्टरनेटरचा व्होल्टेज कमी-जास्त करत राहतो, तिथे तर याला पर्यायच नाही. तीस अँपिअर म्हणजे तासाला सुमारे ०.४ युनिट. चार तास गाडी चालली की दीड युनिट झालं. पावसाळ्यात हाच खरा आधार, कारण आषाढात ढग बसले की सोलर उन्हाळ्याच्या पाव-अर्ध्यावर येतं.

सोलरबद्दल फार लिहीत नाही. ४०० वॉट योग्य आहे, फक्त चार्ज कंट्रोलर (पॅनेल आणि बॅटरीमधला नियंत्रक) एमपीपीटी घ्या, तो पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढतो. टपावर पॅनेल सपाट बसवाल तेव्हा त्याखाली चार बोटं हवा राहू द्या, तापलेलं पॅनेल वीज कमी देतं. डिसेंबरात रत्नागिरीला भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून पन्नास अंशांवरच असतो, त्यामुळे सपाट पॅनेल हिवाळ्यात थोडं कमी देईल, ते गृहीत धरा. मिठाचा थर आठवड्याला गोड्या पाण्याने धुवा. सावलीचं मात्र ध्यानात ठेवा: माडाच्या एका झावळीची सावली पॅनेलवर पडली तरी उत्पादन धाडकन खाली येतं. आणि माडाखाली गाडी लावणाऱ्याच्या पॅनेलवर फक्त सावलीच पडते असं नाही.

आता वायर. इथे मी रेंगाळणार.

घरचं वायरिंग करणाऱ्याचा हात २३० व्होल्टवर बसलेला असतो. फ्रिजला पाच अँपिअर लागतात म्हटलं की तो दीड स्क्वेअर एमएमची वायर ओढतो. घरात ती चालते. पण १२ व्होल्टवर, बॅटरीपासून चार मीटर लांब फ्रिजला, जाऊन-येऊन आठ मीटर दीडच्या वायरीत पाच अँपिअरला जवळजवळ अर्धा व्होल्ट वाटेतच जातो. कॉम्प्रेसर सुरू होताना करंट दुप्पट होतो, मग एक व्होल्ट. बॅटरीत १२.८ असतात, फ्रिजला ११.८ दिसतात, तो 'बॅटरी लो' म्हणून बंद होतो आणि मालक नवीन बॅटरी आणायला निघतो. चार स्क्वेअरची वायर घातली की तोच तोटा चालताना पावणेदोन दशांश व्होल्टवर येतो. डीसी-टू-डीसी चार्जरचंही असंच: तेवढ्याच अंतराला तीस अँपिअर सहा स्क्वेअरमधून नेले तर ०.७ व्होल्ट जातात, सोळामधून नेले तर पाव व्होल्ट. हिशेब सोपा आहे: ०.०१७५ गुणिले जाण्यायेण्याची एकूण लांबी मीटरमध्ये, भागिले वायरीचा स्क्वेअर एमएम, गुणिले अँपिअर. तीन टक्क्यांच्या आत तोटा ठेवा. कोटेशन देणाऱ्याला हा हिशेब प्रत्येक लाइनसाठी कागदावर मागा. त्याने मागेपुढे पाहिलं तर दुसरा माणूस शोधा.

हे झालं नव्या वायरीचं. खारी हवा साध्या तांब्यात वायरीच्या टोकातून शिरते आणि इन्सुलेशनखाली आत आत सरकत जाते. बाहेरून वायर लाल-काळी चकचकीत, आणि सोलून पाहावी तर तांबं वीत-दोन वीत आत काळं. मग कापून नवीन थिंबल मारायला चांगलं तांबंच सापडत नाही. म्हणून बोटींना लावतात तशी कथील चढवलेली, बारीक तारांची वायर घ्या. ती थोडी शोधावी लागते, बोटीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. थिंबलही कथील चढवलेलं, हायड्रॉलिक प्रेसने दाबलेलं, आणि वरून आतल्या बाजूला गोंद असलेली हीट-श्रिंक नळी. नुसती हीट-श्रिंक पाणी अडवत नाही. डाग देऊन (सोल्डरने) केलेला जोड गाडीत टाळा: डागाच्या कडेला वायर कडक होते आणि हादऱ्याने नेमकी तिथे तुटते. पक्कडीने पिळून इन्सुलेशन टेप गुंडाळलेला जोड तर दिसता क्षणी कापून टाका.

निगेटिव्हसाठी चासी वापरायची पद्धत गाड्यांत सर्रास आहे. देशावर ठीक. इथे ज्या बोल्टने निगेटिव्ह चासीला आवळलात तो दोन पावसाळ्यांत गंजतो, मग दिवे मिणमिणतात आणि दोष कुठे आहे हे शोधण्यात दिवस जातो. प्रत्येक यंत्राची निगेटिव्ह वायर परत बसबारपर्यंत (सगळ्या वायरी जिथे एकत्र जोडतात त्या धातूच्या पट्टीपर्यंत) आणा. बसबारपासून चासीला एकच जाड जोडणी, गाडीच्या आत, कोरड्या जागी. टपावरून वायर जिथे आत शिरते तिथे शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून गळून जाईल, वायरीसोबत आत येणार नाही. बाहेरचे स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टीलचे, ३०४ ला इथे तांबूस डाग धरतो. बॅटरीच्या टर्मिनलवर आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. आधी जेली, मग आवळणं, असं नाही. इन्व्हर्टर पंख्याने बाहेरची हवा आत ओढतो, म्हणून त्याचं तोंड दाराकडे किंवा खिडकीकडे नको.

फ्यूज कुठे, यावर वाद घालणारे भेटतील. फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो, म्हणून तो बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात हवा. यंत्राजवळ लावलेला फ्यूज मधल्या चार मीटर वायरीला काहीच उपयोगाचा नाही. इंजिनच्या बॅटरीपासून घरच्या बॅटरीकडे जाणाऱ्या वायरीला दोन्ही टोकांना फ्यूज लागतो, कारण वीज दोन्हीकडून येऊ शकते. लिथियम शॉर्ट झाली की हजारो अँपिअर सोडते, साधा फ्यूज वितळला तरी त्यात ठिणगीचा पूल तयार होऊन वीज वाहत राहू शकते. मुख्य फ्यूज म्हणून क्लास-टी, म्हणजे अशी ठिणगी विझवणारा, घ्या. इन्व्हर्टर एक हजार वॉटचा, प्युअर साइन वेव्हचा, गाडीसाठी बनवलेला पुरे. तो पूर्ण ताकदीला नव्वद-पंच्याण्णव अँपिअर ओढेल, म्हणून ३५ स्क्वेअरची आखूड वायर आणि १५० अँपिअरचा फ्यूज. मिक्सर त्यावर आरामात चालतो.

बाहेरून घ्यायच्या २३० व्होल्टच्या बाबतीत मी सगळ्यात कडक आहे. गाडी रबराच्या चाकांवर उभी असते. आत कुठे फेज बॉडीला लागला तर गाडीला काही होत नाही, पण ओल्या अंगणात अनवाणी उभा राहून जो दाराची मूठ धरेल त्याला सगळा झटका बसतो. गाडीत वीज शिरते त्याच ठिकाणी ३० मिलिअँपिअरचा, दोन्ही तारा तोडणारा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच) आणि पुढे एमसीबी (भार जास्त झाला की तोडणारा), हे किमान. केबल तीन कोअरची, २.५ स्क्वेअर, आणि एसी चालणार असेल तेव्हा पूर्ण उलगडलेली. वेटोळं तसंच ठेवलं तर मधोमध ती तापून चिकटते.

पण आरसीसीबी लावला म्हणजे झालं, असं समजू नका. आपल्याकडे जांभ्यात अर्थिंग मुळातच नीट लागत नाही, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की आणखी बिघडते. मग काही वायरमन सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधून मोकळे होतात. मीटर सगळं छान दाखवतं: फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थ २३०, न्यूट्रल-अर्थ शून्य. आणि उद्या त्या घराचा न्यूट्रल मागे कुठे तुटला तर तुमच्या गाडीची सगळी बॉडी त्या अर्थच्या वायरीतून २३० व्होल्टवर जाते, आणि आरसीसीबी अर्थची तार तोडत नसल्यामुळे तो शांत बसून राहतो. हे ओळखायचं असं: त्याच सॉकेटवर इस्त्री किंवा पाणी तापवायची किटली लावा आणि ती चालू असताना न्यूट्रल-अर्थ मोजा. अर्थिंग खरं असेल तर तिथे एखाददुसरा व्होल्ट वाढलेला दिसेल. भार टाकूनही काटा शून्यावर चिकटलेला असेल तर दोन्ही बांधल्याचा दाट संशय घ्या. असा सॉकेट नम्रपणे नाकारायचा आणि ती रात्र पंख्यावर काढायची. यजमानाला राग आला तरी चालेल.

घरगुती इन्व्हर्टर नको म्हणण्याचं आणखी एक कारण इथेच आहे. गाडीच्या इन्व्हर्टर-चार्जरमध्ये एक रिले असतो: बॅटरीवर चालताना तो आतला न्यूट्रल बॉडीला जोडतो, बाहेरची वीज आली की सोडतो. तो जोड नसेल तर बॅटरीवर असताना इन्व्हर्टरच्या पुढे लावलेला आरसीसीबीही असून नसल्यासारखा. घेताना हे विचारा, 'हो साहेब, सगळं आहे' या उत्तरावर जाऊ नका, माहितीपुस्तिकेत दाखवायला सांगा. आणि वळिवाच्या दिवसांत किंवा परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की बाहेरचा प्लग काढून ठेवा. गेलेली लाइट परत येते तेव्हाचा झटका चार्जरला विजेइतकाच महागात पडतो.

सीपॅपची लाइन सगळ्यांपासून वेगळी हवी. कंपनीचा डीसी कन्व्हर्टर घ्या, बॅटरीच्या बसबारपासून स्वतःचा फ्यूज आणि स्वतःची चार स्क्वेअरची वायर वडिलांच्या उशापर्यंत न्या. इन्व्हर्टर मध्ये नको. रात्री कोणी मिक्सर लावला आणि इन्व्हर्टर ट्रिप झाला, तरी मशीन चालू राहिलं पाहिजे. बॅटरी वीस टक्क्यांवर आली की फ्रिज आणि पंखे आपोआप तुटतील पण ही लाइन राहील, अशी लो-व्होल्टेज कटऑफची जुळणी बहुतेक चांगल्या बॅटरी मॉनिटरांत करता येते.

आरटीओचं काम आधी करा. सीटा काढून आतली रचना बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतं, त्याची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. विम्याच्या कंपनीलाही कळवा, नाहीतर शॉर्ट सर्किटच्या दाव्याला ते पहिल्यांदा हेच विचारतील.

काम झालं की लगेच मालवण गाठू नका. गाडी स्वतःच्या अंगणात लावा, प्लग काढा आणि संध्याकाळपासून सकाळपर्यंत सगळं चालवा: फ्रिज, दोन्ही पंखे, सीपॅप. अर्ध्या तासाने इन्व्हर्टरवर किटली नको, पण मिक्सर लावून प्रत्येक जाड थिंबलला बोट लावून बघा, आणि मल्टिमीटरचे दोन पिन जोडाच्या दोन बाजूंना ठेवून मिलिव्होल्ट मोजा. कोमट लागणारा किंवा शेजारच्या जोडापेक्षा दुप्पट आकडा दाखवणारा जोड तिथल्या तिथे उघडून परत मारून घ्या. ते आकडे वहीत लिहून ठेवा आणि गणपती झाले, पाऊस उतरला की पुन्हा मोजा. पावसाळ्यात महिनाभर गाडी उभीच राहणार असेल तर लिथियम पूर्ण भरून ठेवू नका. ५०-६० टक्क्यांवर आणा, मुख्य स्विच तोडा, आणि आत हवा खेळती राहील अशा दोन जाळ्या उघड्या ठेवा.